दगडाचा नमुना कापावा कसा? प्रयोगशाळेतील संथ करवतीची ओळख

भूम येथील आमच्या एका वाचक बंधूंचा फरशी बसविण्याचा धंदा आहे. शहाबादी, कडप्पा, कोटा आणि आता ग्रॅनाइट, असे दगड कापण्यात त्यांची हयात गेली. त्यांचे चिरंजीव आय.टी.आय. पूर्ण करून पुण्यातील एका साहित्य-तपासणी प्रयोगशाळेत कामाला लागले. पहिल्याच आठवड्यात ग्रॅनाइटचा एक गोल तुकडा हाती देऊन त्यांना सांगण्यात आले की, याची दोन मिलिमीटर जाडीची चकती कापून द्या. मुलाला वाटले, हे तर आपले घरचे काम. वडिलांच्या हाताखाली शिकल्याप्रमाणे त्याने तुकडा पात्यावर जोराने दाबला. पाते वाकले, तुकड्याची कड उडाली आणि साहेबांची बोलणी खावी लागली. वडिलांनी आम्हाला विचारले, "पंचवीस वर्षे झाली, आम्ही दगडच कापतो आहोत. मग या करवतीत असे वेगळे काय आहे?"

प्रश्न रास्त आहे. भूमसारख्या तालुक्याच्या गावी अशी करवत सहसा पाहायला मिळत नाही. परंतु आपल्या समाजातील फरशीवाले, ग्रॅनाइटवाले, लेथवाले व वेल्डिंगवाले यांची मुले आता शहरांतील प्रयोगशाळांत जाऊ लागली आहेत. त्यांना आणि त्यांच्या वडिलांनाही उपयोगी पडेल, म्हणून हा विषय जरा सविस्तर घेत आहोत.

उत्तर थोडक्यात असे की, आपण कामावर दगड कापतो तो वापरण्यासाठी, आणि प्रयोगशाळेत कापतात तो वाचण्यासाठी. फरशीची कापलेली कड भिंतीत किंवा सिमेंटच्या सांध्यात जाते. तिला चार टवके गेले, ती थोडी करपली, तरी कोणी पाहत नाही. प्रयोगशाळेत मात्र कापलेली बाजू हाच खरा माल. तीच घासून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची असते. कापताना तिच्यात जो बदल होईल तो नंतर दगडाचाच गुण किंवा दोष म्हणून अहवालात लिहिला जाईल. म्हणजे कापणाऱ्याची चूक दगडाच्या नावावर चढेल. नमुना ही अमानत आहे. ज्याने तो दिला त्याला दगडाविषयी कळायला हवे आहे, आपल्या करवतीविषयी नव्हे.

उष्णता आणि दाब

कापताना नमुना दोन गोष्टींनी बिघडतो. एक उष्णता आणि दुसरा दाब.

उष्णतेने दगड बदलतो हे आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको. अनेकांच्या बोटात अकीकची अंगठी असते. गुजरातेतील खंभात येथे हा धंदा शतकानुशतके चालत आला आहे. अकीकच्या खाणींचा संबंध तेथील परंपरा रतनपूरच्या हजरत बावा गोर यांच्याशी जोडते. खंभातचे कारागीर फिकट, पिवळसर खडे मातीच्या भांड्यात मंद आचेवर भाजतात आणि ते लालबुंद होऊन बाहेर पडतात. दगडात जे लोह असते त्याचे रूप उष्णतेने पालटते, म्हणून हा रंग येतो. तेथे ही कला आहे. प्रयोगशाळेत तेच घडले तर नमुना वाया गेला असे समजावे. पोलादाचेही तसेच. ग्राइंडरखाली धरलेल्या सळईवर निळी झाक येते ती प्रत्येक वेल्डरने पाहिलेली असते. ती झाक आली की त्या जागेचा कठीणपणा बदलला. मग त्या सळईच्या कठीणपणाचा जो आकडा येईल तो आपल्या ग्राइंडरचा असेल, सळईचा नसेल.

आता वेगाचा हिशेब पाहा. आपले नेहमीचे चार इंची मशीन मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. शंभर मिलिमीटर व्यासाच्या पात्याची कड त्या वेगाने सेकंदाला जवळपास ५७ मीटर धावते. प्रयोगशाळेतील संथ करवतीचे पातेही साधारण तेवढ्याच व्यासाचे असते, परंतु ते मिनिटाला जास्तीत जास्त ३०० च्या आसपास फेरे घेते. म्हणजे कडेचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या थोडा वर. माणूस जरा झपाझप चालला तर एवढाच चालेल! फिरते पाते पाहून नवशिक्याला वाटते की मशीन बिघडले आहे. मिनिटाला काही हजार फेरे घेणाऱ्या वेगवान अचूक करवतीही प्रयोगशाळांत असतात, पण त्यांत पाण्याचा जोरदार फवारा आणि नमुना पुढे सरकविण्याची मोजून चालणारी यंत्रणा असते. शिकायचे ते संथ करवतीवरच शिकावे.

दाबाची गोष्ट याहून नाजूक आहे. या करवतीत नमुना आपण हाताने धरतच नाही. तो एका दांड्याच्या टोकाला चकमध्ये पकडलेला असतो आणि तो दांडा स्वतःच्या भाराने हळूहळू पात्यावर टेकतो. दांड्यावर सरकते वजन असते. ते पुढेमागे करून पात्यावर किती ग्रॅम भार पडावा हे ठरवितात. हा भार काही दशक ग्रॅमपासून दोन-तीनशे ग्रॅमपर्यंत असतो. भरल्या चहाच्या कपाएवढा म्हणा ना. आमच्या वाचक बंधूंच्या चिरंजीवांनी तेथे अंगचा जोर लावला आणि तिथेच सगळे चुकले.

किल्लारीचा दगड

एवढी नजाकत कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला आपल्याच भागातील उदाहरण देतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेला भूकंप आपल्या जिल्ह्यात कोण विसरेल? भूममध्येही लोक घराबाहेर धावले होते. लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद (आता धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर किल्लारी परिसरात जमिनीत ६१७ मीटर खोल विंधनविवर घेण्यात आले आणि त्यातून दगडाचे लांब दंडगोल, म्हणजे कोअर, वर काढण्यात आले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. आपल्या पायाखालचा काळा पाषाण तेथे ३३८ मीटर जाड निघाला. त्याखाली आठ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा पुरातन खडक. काळा पाषाण त्यामानाने कालचा, साडेसहा कोटी वर्षांचा.

असा दगड सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचा तर तो इतका पातळ करावा लागतो की त्यातून उजेड आरपार जावा. ही जाडी ०.०३ मिलिमीटर ठरलेली आहे. त्यासाठी आधी कोअरमधून लहान चिरा कापतात. तिची एक बाजू घासून आरशासारखी करतात आणि ती काचपट्टीवर चिकटवतात. मग उरलेला जाड भाग पुन्हा करवतीने कापून काढतात आणि काचेवर राहिलेला पातळ पापुद्रा घासत घासत ०.०३ मिलिमीटरवर आणतात. जाडी बरोबर आली की नाही हे कसे कळते? दगडात गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे कण असतील, तर त्या जाडीला विशिष्ट प्रकाशात ते करडे-पांढरे दिसतात. पिवळसर दिसले तर अजून घासायचे बाकी आहे. विद्यापीठांच्या भूशास्त्र विभागांत हे काम करणाऱ्याला सेक्शन कटर म्हणतात. हे स्वतंत्र कसब आहे आणि त्याला पदवीपेक्षा हात लागतो.

आता विचार करा. भूकंपाच्या प्रदेशातील खडकात शास्त्रज्ञ पाहतात त्यांपैकी एक गोष्ट म्हणजे बारीक तडे. कापणाऱ्याने घाई केली तर पात्याच्या धक्क्याने दगडात नवे तडे पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली तडा दिसला. तो जमिनीत पडला होता की करवतीवर? शेकडो मीटर खोलीवरून खर्च करून वर आणलेला दगड अशा वेळी मुका होतो. १९६७ च्या भूकंपानंतर चर्चेत आलेल्या कोयना भागातही अलीकडे खोल विंधनविवरे घेण्यात आली आणि त्यांच्या अभ्यासासाठी कराडला केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. असे काम करणारे हात महाराष्ट्रातच लागणार आहेत.

ठेकेदार बंधूंसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. बांधकामाविषयी वाद झाला की तयार काँक्रीटमधून कोअर काढून दाबयंत्रात तपासतात. त्या कोअरची दोन्ही टोके सपाट आणि अक्षाला काटकोनात नसतील तर दाब सर्वत्र सारखा पडत नाही, कोअर लवकर फुटतो आणि आकडा कमी येतो. काँक्रीट चांगले असूनही बिल अडकते. अशा वेळी टोके कशी कापली व कशी सारखी केली हे समोर उभे राहून पाहण्यास लाजू नये. या कामाला करवत मोठी लागते, तत्त्व हेच.

प्रत्यक्ष कापताना

पात्याला दात नसतात. ते धातूचे पातळ, गोल पान असते आणि त्याच्या कडेत हिऱ्याची बारीक पूड बसविलेली असते. पूर्वी आपल्याकडील रत्नकार कुरुंदाची पूड पाण्यात कालवून दगड कापीत. हिरा त्याहूनही कठीण. हे पान चार इंची पात्यात अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते, त्यामुळे ते एकटे सरळ उभे राहू शकत नाही. दोन्ही बाजूंनी फ्लँज घट्ट बसवून त्याला आधार द्यावा लागतो. फ्लँज जेवढा मोठा तेवढे पाते ताठ. म्हणून तुकडा कापून पार होईल एवढीच पात्याची कड मोकळी ठेवावी आणि त्या हिशेबाने सर्वांत मोठा फ्लँज निवडावा. बसविण्यापूर्वी फ्लँजच्या आतील बाजू पुसून घ्याव्यात. तेथे वाळूचा एक कण राहिला तरी पाते डुगडुगते आणि काप वाकडा जातो. पाते एकदा वाकले की ठोकून सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये.

कोणत्या मालाला कोणते पाते, हेही पाहावे लागते. दगड, काच, सिरॅमिक, काँक्रीट यांना हिरा. पोलादाला मात्र हिरा चांगला नाही, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, आणि तापलेले लोखंड कार्बन ओढून घेते. त्यामुळे वेगात कापताना हिऱ्याची धार लवकर जाते. पोलादासाठी बोरॉन नायट्राइडची पाती किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची झिजणारी चाके वापरतात.

नमुना कापण्यापूर्वी त्याचे वजन, माप, फोटो आणि नंबर यांची नोंद करावी. कोणती बाजू वर होती तेही खुणेने लिहावे, कारण एकदा कापले की मागे येता येत नाही. अकराव्या शतकात अल्-बिरुनी यांनी रत्ने पाण्यात बुडवून, बाहेर पडलेले पाणी तोलून त्यांचे विशिष्ट गुरुत्व काढले होते. त्यासाठी त्यांना एकही खडा फोडावा लागला नाही. न कापता जे कळते ते आधी जाणून घ्यावे.

मग पकड. गोल कोअर चकमध्ये नीट बसतो, वेडावाकडा दगड बसत नाही. त्याला प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये किंवा रेझिनमध्ये बसवून चौकोनी करून घेतात. जवाहिरे लाखेत खडा बसवून घासतात, तीच ही युक्ती. तुकडा हलता कामा नये, पण चक इतकाही आवळू नये की ठिसूळ दगड तेथेच फुटेल.

जाडीच्या बाबतीत जवळपास प्रत्येक नवशिक्या एकदा तरी फसतो. दांडा बाजूला सरकविण्यासाठी मायक्रोमीटर असतो. पहिला काप घेतला, आता दोन मिलिमीटरची चकती हवी, म्हणून मायक्रोमीटर दोन मिलिमीटर फिरविला, तर चकती दोनपेक्षा कमी येते. कारण पात्याने स्वतःच्या रुंदीएवढा माल खाल्लेला असतो. पात्याची खाच ०.४ मिलिमीटर असेल तर २.४ सरकवावे लागते. ही खाच लहान असणे हा पातळ पात्याचा मोठा फायदा. पन्नास मिलिमीटर लांबीच्या कोअरमधून पाच मिलिमीटरच्या चकत्या काढायच्या तर या पात्याने नऊ निघतात. तीन मिलिमीटर खाच करणाऱ्या जाड पात्याने सहाच. बाकी सगळा दगड चिखलात जातो.

पात्याची खालची कड ट्रेमधील द्रवात बुडालेली असावी, म्हणजे पाते फिरता फिरता तो द्रव स्वतः वर घेऊन येते. द्रव म्हणजे पाणी आणि त्यात गंज न येण्यासाठी व घर्षण कमी करण्यासाठी थोडे मिश्रण. मात्र मिठासारखे, पाण्यात विरघळणारे नमुने किंवा सिमेंटचे क्लिंकर पाण्यात कापू नयेत. तेथे पातळ खनिज तेल वापरतात. तेल नाही म्हणून रॉकेल किंवा स्पिरिट ओतण्याचा मोह धरू नये. त्याने आग लागू शकते.

सुरुवात सर्वांत जोखमीची. गोल पृष्ठभागावर पाते टेकताच घसरू पाहते. म्हणून आधी पाते फिरते करावे आणि दांडा हाताने तोलून धरत अगदी अलगद खाली सोडावा. बारीक खाच पडली की मग वजनावर सोडून द्यावे आणि हात काढून घ्यावा. ग्रॅनाइटचा इंचभर जाड तुकडा कापायला कधी अर्धा तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. लागू द्यावा. शेवटी पुन्हा भार कमी करावा, नाहीतर पाते पार होण्याआधीच चकती आपल्या वजनाने मोडते आणि कडेला टोक राहते. काप संपताच दांडा थांबून मोटार आपोआप बंद होण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, पण तिच्या भरवशावर खोली सोडून जाऊ नये.

पाते फिरते आहे, पण पुढे जात नाही, असे झाले तर भार वाढविणे ही पहिली चूक. बहुधा पात्याच्या कडेचे हिरे झिजून गुळगुळीत झालेले असतात किंवा धातूने झाकले गेलेले असतात. अशा वेळी पांढऱ्या घासकांडीचे, म्हणजे ड्रेसिंग स्टिकचे, एक-दोन हलके काप घ्यावेत. ती कांडी धातू खरडून काढते आणि खालचे नवे हिरे उघडे पडतात. आपल्याकडे ग्रॅनाइटचे ब्लेड बोथट झाले की जुन्या विटेवर चालवून घेतात, त्यातलाच हा प्रकार.

फुप्फुसांविषयी

आता मुलाकडून वडिलांकडे वळतो, कारण खरी काळजी तेथे आहे. प्रयोगशाळेत दगड पाण्यात कापतात तो नमुना थंड राहावा म्हणून, पण त्याचबरोबर धूळही उडत नाही. आमचे फरशीवाले बंधू मात्र बंद खोलीत, कोरडे, तोंडाला रुमाल बांधून ग्रॅनाइट कापतात. ग्रॅनाइटमध्ये पाचव्या हिश्श्याहून अधिक गार असते. तिची जी धूळ डोळ्यांना दिसते ती त्यामानाने कमी घातक. जी दिसत नाही ती फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. या रोगावर औषध नाही आणि तो झालेल्याला क्षयाचा धोकाही वाढतो. खंभातच्या अकीक घासणाऱ्यांमध्ये हा रोग किती पसरला आहे याचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केला आहे. रुमाल या धुळीला अडवू शकत नाही.

सगळे दगड सारखे नाहीत हेही सांगायला हवे. शहाबादी, कोटा व कडप्पा हे चुनखडीचे दगड. त्यांत गार कमी, परंतु अजिबात नाही असे नव्हे. आपल्या काळ्या पाषाणातही मोकळी गार फारच थोडी. सर्वांत घातक आहे स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी सध्या क्वार्ट्‌झ या नावाने विकला जाणारा कृत्रिम दगड. त्यात गारेचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे तो ग्राहक हौसेने मागतात. दुकानदार बंधूंनी तो विकताना निदान कापणाऱ्याला तरी हे सांगावे.

पाण्यात कापा म्हटले की कोणी हातातल्या चार इंची मशीनवर बाटलीने पाणी ओततो. ते करू नये. ते मशीन ओलाव्यासाठी बनविलेले नाही, शॉक बसून जीव जाऊ शकतो. पाण्याची नळी जोडण्याची सोय असलेले ओल्या कापणीचे मशीन वेगळे मिळते. त्याला चांगले अर्थिंग आणि ई.एल.सी.बी. हवाच. कोरडे कापण्याशिवाय गत्यंतर नसेल तर मोकळ्या जागेत, वाऱ्याकडे पाठ करून, एन-९५ प्रतीचा मास्क नीट बसवून कापावे. दाढीमुळे मास्क चेहऱ्याला चिकटत नाही आणि बाजूने हवा आत येते. म्हणून दाढी ठेवणाऱ्या बंधूंनी ओल्या कापणीचाच आग्रह धरलेला बरा.

राहिली साफसफाई. काम संपल्यावर संथ करवतीचे पाते पाण्यात बुडालेले ठेवू नये, एका बाजूने गंज धरतो. ते काढून, पुसून, आडवे ठेवावे. ट्रेमधील चिखल मोरीत ओतला तर सिमेंटसारखा घट्ट बसून नळी बंद करतो. तो बादलीत रात्रभर निवळू द्यावा, वरचे पाणी ओतून टाकावे आणि खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत भरावा. वाळल्यावर झाडू मारला तर जी धूळ दिवसभर पाण्याने दाबून ठेवली तीच संध्याकाळी नाकात जाते.